थुकरटवाडीला पाहुण्यांनी खाल्लं

जुलै २०२५ मध्ये झी मराठीवरचं विनोदी 'चला हवा येऊ द्या' नव्यानं सुरू झालं आणि मार्च २०२४ मध्ये ते बंद पडलं तेव्हा अर्धवट राहिलेलं भांडण लोकांनी पुन्हा उकरून काढलं. लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, एसटीच्या फलाटावर विषय निघाला की लगेच दोन फळ्या पडतात. एक फळी म्हणते, पुरुषांना साड्या नेसवून कंबर हलवायला लावली, पातळी सोडली, म्हणून लोकांनी पाठ फिरवली. दुसरी म्हणते, पातळीबितळी काही नाही. मोबाइल आला, अर्ध्या मिनिटाच्या रीलवर हसायची सवय लागली, आता टीव्हीसमोर तासभर बूड टेकवून बसतंय कोण? मधूनच कुणीतरी 'निलेश साबळे गेले आणि सगळं गेलं' असं म्हणून विषय मिटवू पाहतो. पण सूत्रसंचालक साबळे बाहेर पडले ते अगदी शेवटी शेवटी. उतरण त्याच्या कितीतरी आधी लागली होती, हे नेमानं पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

मला यातलं एकही निदान पटत नाही. माझ्या मते या कार्यक्रमाला त्याच्या पाहुण्यांनी खाल्लं. सोफ्यावर बसलेला सिनेमावाला जोवर चेष्टेचा विषय होता तोवर थुकरटवाडी, म्हणजे कार्यक्रमातलं ते कल्पित गाव, जिवंत होती. तो चेष्टेचा विषय राहिला नाही, गिऱ्हाईक झाला, आणि गिऱ्हाइकाला कुणी चिमटा काढत नाही. पुढं साडी राहिली, आरडाओरडा राहिला, तेच ते हावभाव राहिले. टोचायला माणूस उरला नाही म्हणून अंगविक्षेप वाढले. लोक भांडतात ते या अंगविक्षेपांवरून.

सुरुवात आठवून पाहा. ऑगस्ट २०१४ मध्ये झी मराठीवर सोमवार-मंगळवार रात्री साडेनऊला हा कार्यक्रम सुरू झाला. साडेनऊ ही मुंबईची संध्याकाळ असेल. आमच्या मराठवाड्यातल्या खेड्यांत तोवर निम्मं गाव अंथरुणाला लागलेलं असतं. तरी लोक जागायला लागले. त्याआधी याच वाहिनीवर 'फू बाई फू'नं छोट्या प्रहसनांची गोडी लावली होती, भाऊ कदम तिथूनच घराघरांत पोचले होते. पण तिथं स्पर्धा होती, गुण होते. नव्या कार्यक्रमानं दोन्ही काढून टाकलं आणि एक गाव वसवलं. गावात भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, आणि या सगळ्यांना हाकणारे साबळे. गावकऱ्यांना सिनेमाचं वेड, ऐपत मात्र शून्य. मग गाजलेला सिनेमा ते आपल्या परीनं करून दाखवणार, तोही त्यातल्या खऱ्या नट-नट्यांच्या तोंडासमोर. कल्पना फार हुशार होती. ज्याची नक्कल चालली आहे तो समोर बसलेला, त्याचा चेहरा कॅमेऱ्यात, आणि नक्कल करणाऱ्याला त्याची काडीची भीड नाही. हसू यायचं ते त्या न बाळगलेल्या भिडेचं.

मराठवाड्यानं हा कार्यक्रम कोणत्या वर्षांत उचलून धरला तेही विसरता येत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं रब्बी झोपवली. त्यामागून पावसानं ओढ दिली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. दिवसभर टँकरच्या मागं धावलेली माणसं रात्री साडेनऊला टीव्ही लावत होती, आणि हसत होती. त्यात मधेच पोस्टमन यायचा. सागर कारंडे पिशवी अडकवून यायचे आणि पत्र वाचायचे. ती पत्रं लिहिणारे अरविंद जगताप आमच्या बीड जिल्ह्यातले. पत्र कधी शेतकऱ्याच्या घरातलं असायचं, कधी कुणा म्हाताऱ्या आईबापाचं. पाच मिनिटांपूर्वी मांडीवर थाप मारून हसणारा पाहुणा नट डोळे पुसायला लागायचा. अनेकांना तो प्रकार भाबडा वाटे, 'रडवायचं तर मालिका आहेतच की' असंही म्हटलं जाई. मला ते पत्र कार्यक्रमाचा कणा वाटत आलं आहे. संपूर्ण तासात तेवढी एकच वेळ अशी होती की पाहुण्याला त्याच्या सिनेमाबद्दल काही बोलायचं नसे. त्यानं गप्प बसून दुसऱ्याचं ऐकायचं. तिथं पाहुणा आणि केजच्या घरातली आजी एकाच पायरीवर बसत.

आता पातळीवाल्यांकडे वळू. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सावळ्या रंगावर, जाड अंगावर, टकलावर, बोबड्या बोलण्यावर केलेले विनोद या कार्यक्रमात ढिगानं होते, आणि त्यांत विनोद कमी, सोय जास्त होती. लेखकाला काही सुचलं नाही की नटाचं पोट पुढं करायचं. बायको म्हणजे कटकट, सासू म्हणजे राक्षसीण, देखणी शेजारीण म्हणजे सगळ्या पुरुषांची लाळ. ही ठरलेली त्रिकुटं वर्षानुवर्षं तशीच राहिली. आठवीतली मुलगी शेजारी बसलेली असताना बापाला रिमोट चाचपावा लागत असेल तर तो बाप सोवळा आहे असं म्हणून चालणार नाही.

हे सगळं मान्य. पण साडीनं कार्यक्रम बुडाला हे कसं मान्य करायचं? पुरुषानं डोईवर पदर घेऊन गावाला हसवायचं, ही आमच्याकडची चारशे वर्षांहून जुनी रीत आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडं रचली ती बहुतेक अशा सोंगांसाठीच. 'दादला नलगे' म्हणणारी बाई, भवानीला रोडगा कबूल करणारी बाई, या बायका सोंगी भारुडात पुरुषच उभ्या करत आले. ती नवसाची बाई देवीकडं काय मागते? 'सासरा माझा गावी गेला, तिकडेच खपवी त्याला.' पुढं सासू, जाऊ, नणंद, सगळ्यांची रांगेनं व्यवस्था लावायला सांगते. परमार्थाचा अर्थ निराळा असेल, पण फडात बसलेल्या सासुरवाशिणी आधी हसतात त्या या ओळीला, आणि त्यांना हसताना पाहून सासवाही हसतात. तमाशातली मावशी घ्या. गवळणीत कृष्णाला चार शब्द सुनवायचा मान तिचा. साडी तिथंही आहे, हावभाव तिथंही आहेत, चावटपणा तर भरपूरच आहे. फरक एवढाच की भारुडातली बाई बोलते. ती घरावर, नवऱ्यावर, देवावरही तोंड टाकते. टीव्हीवरच्या बाईला नंतर नंतर बोलायलाच काही ठेवलं नाही. ती नुसती नेसून उभी राहू लागली. मग लोकांना साडी दिसायला लागली. आधीही ती होतीच, पण कुणाचं लक्ष तिच्यावर नव्हतं.

पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. बोलायला का उरलं नाही? याचं उत्तर पातळीवाल्यांकडे नाही, कारण त्यांना वाटतं की लेखक बिघडले. लेखक बिघडत नसतात. त्यांच्या हातात काय द्यायचं आणि काय काढून घ्यायचं, ते ठरवणारे दुसरेच असतात.

मोबाइलवाल्यांचं थोडक्यात. आठवड्याला दोन भाग म्हणजे वर्षाला शंभराच्या घरात. दहा वर्षं त्याच पाच-सहा माणसांनी, त्याच गावात, तेवढं हसवायचं म्हणजे थकवा येणारच; हा मुद्दा मला पूर्ण पटतो. पण मोबाइलनं कार्यक्रम मारला हे म्हणणं आमच्या शिवारात येऊन तपासावं. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस रात्रीच येते. मोटार लावायला गेलेला माणूस विहिरीवर स्टार्टरच्या पेटीला टेकवून मोबाइल उभा करतो, पायाशी बॅटरी, बाजूला काठी, आणि पाणी पाटात चढेपर्यंत भाऊ कदमांचे जुने भाग बघत बसतो. लाइट गेली की मोटार बंद, लाइट आली की पुन्हा बटण दाबायचं, तेवढ्यात भाग पुढं सरकलेला असतो. तो बोटानं मागं ओढून घेतो. थुकरटवाडी टीव्हीवर उतरणीला लागली तेव्हाही तिचे २०१५-१६ चे तुकडे मोबाइलवर धावत होते. मोबाइलनं जुनं तारलं आणि नवं उघडं पाडलं, एवढंच खरं आहे. शिवाय याच मोबाइलच्या काळात, २०१८ मध्ये, सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सुरू झाली आणि वाढली. रील सगळ्यांनाच होते ना? मग एकाचं पाणी आटलं आणि दुसऱ्याचं नाही, असं का?

हास्यजत्रेत सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. तिथलं परीक्षकांचं खुर्चीतून उठून उठून हसणं मला आजही सोसत नाही. सिनेमाची प्रसिद्धी तिथंही होते. पण तिथं लेखक लिहायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर चाळ असते, ऑफिस असतं, हट्टी बाप असतो, उधारी मागायला आलेला मित्र असतो. या शुक्रवारी कोण सोफ्यावर बसणार आणि त्याला काय चालेल, हा त्याचा पहिला प्रश्न नसतो. थुकरटवाडीच्या लेखकाचा पहिला प्रश्न तोच होऊन बसला होता.

हे कसं झालं असावं याचा अंदाज बांधायला पडद्यावर दिसलं तेवढंच पुरेसं आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत पाहुणा येई तो जरासा बिचकत. ही गावातली माणसं आपलं काय करतील याचा त्याला नेम नसे. त्याच्या चेहऱ्यावरचं ते बिचकणंच आम्ही बघायला बसायचो. मग कार्यक्रम मोठा झाला. शाहरुख खान आले, सलमान खान आले. मराठी प्रेक्षकाला त्याचं अप्रूप वाटलं आणि वाटावंही. हिंदीतल्या बड्या नटानं आपल्या कार्यक्रमात येऊन मराठीत दोन वाक्यं बोलायची हे त्याआधी कुणी पाहिलं होतं? पण ज्या दिवशी चित्रपटाच्या प्रसिद्धीच्या यादीत थुकरटवाडीचं नाव छापील ओळीसारखं बसलं, त्या दिवसापासून बिचकायचं काही कारण राहिलं नाही. पाहुण्याला आधीच माहीत की आपल्याला गोंजारलंच जाणार. नक्कल झाली तरी ती लाडाची. तो हसायचा ते ठरल्यासारखं, आणि कॅमेरा दर दोन वाक्यांनी त्याच्याकडं धावायचा. प्रेक्षकानं हसावं की नाही हे त्याच्या हसण्यावरून ठरायला लागलं. एखादा विनोद फसला हे आम्हाला घरी बसून कळायचं, पण पडद्यावर चार माणसं मागं रेलून टाळ्या पिटत असायची. अशा वेळी माणूस भांडत नाही. तो उठून पाणी प्यायला जातो आणि परत येत नाही.

यात मराठवाड्यापुरती आणखी एक अडचण होती आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नक्कल कळायला मूळ ठाऊक असावं लागतं. आमच्या कितीतरी तालुक्यांच्या गावी चालू थिएटरच राहिलेलं नाही. होती ती मंगल कार्यालयं तरी झाली नाहीतर गोदामं. नवा मराठी सिनेमा पाहायचा तर जिल्ह्याला जायचं, तिथंही तो एखादाच आठवडा टिकणार. तेव्हा पुढच्या शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमाचा नायक सोफ्यावर, त्याच्या सिनेमातल्या गाण्यावर गावकरी नाचतायत, आणि हे सगळं ज्याला दाखवायचं तो तो सिनेमा पाहायची शक्यता शंभरात एक. त्याच्या दृष्टीनं हा तास कशाचा? दुसऱ्याच्या लग्नातल्या व्हिडिओचा. 

आता याच्या विरोधातले भक्कम मुद्दे. पहिला: पाहुणा तर पहिल्या दिवसापासून होता, आणि तोच तर कार्यक्रमाचा प्राण होता. पाहुण्यांनी वर नेलं, मग पाहुण्यांनीच बुडवलं असं कसं? दुसरा: मराठी सिनेमाला प्रसिद्धीसाठी दुसरं व्यासपीठ होतं कुठं? हिंदीवाल्यांना दहा दारं. मराठी निर्मात्याला हे एकच. त्यानं ते वापरलं तर त्यात त्याचा काय गुन्हा? दुसऱ्या मुद्द्यापुढं मी मान तुकवतो. कित्येक लहान सिनेमांची नावं आम्हाला थुकरटवाडीमुळेच कळली. पण मराठी सिनेमाची गरज खरी होती म्हणून तिची किंमत विनोदानं मोजली नाही, असं होत नाही. मोजलीच.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा तिथला शनिवारी रात्री साडेअकराचा प्रहसनांचा कार्यक्रम ११ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाला आणि अजून चालू आहे. त्याचीही पडझड झाली; मूळ निर्माते लॉर्न मायकेल्स १९८० मध्ये बाहेर पडले, १९८५ मध्ये परत आले, मधली वर्षं पडतीची गेली. तिथंही दर आठवड्याला नवा पाहुणा येतो आणि बहुतेक वेळा त्याचाही सिनेमा लागायचाच असतो. पण त्याला सोफा मिळत नाही. आठवडाभर तालमी करायच्या, सोंग घ्यायचं आणि स्वतःचं हसं करून घ्यायचं, ही तिथं पाहुण्याची मजुरी. पहिल्याच हंगामात चेव्ही चेस राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या धडपडण्याची नक्कल करायचे. एप्रिल १९७६ मध्ये फोर्ड यांचे प्रसिद्धी सचिव रॉन नेसन स्वतः पाहुणे म्हणून आले. नक्कल बंद झाली का? नेसन शेजारी उभे असताना चेस यांनी फोर्ड तसेच धडपडते दाखवले. पाहुणा वाईट असतो असं मी म्हणतच नाही. पाहुणा सोंगात आला तर तो कार्यक्रमाचा, सोफ्यावर बसला तर कार्यक्रम त्याचा.

अमेरिका लांब वाटत असेल तर आपल्याकडचंच बघा. 'विच्छा माझी पुरी करा' हे वसंत सबनीसांचं लोकनाट्य १९६५ पासून दादा कोंडक्यांनी गावोगाव नेलं. संहिता तीच, पण त्या दिवशी वर्तमानपत्रात जे असेल ते दादा बतावणीत घ्यायचे, आणि सरकारातला कोण त्यातून सुटायचा? हशा पहिल्या ओळीतून आला नाही तरी मागच्या जमिनीवरून येई. तमाशाच्या फडातही पहिल्या ओळीत पाटील बसायचाच की. सोंगाड्या त्याच्या फेट्यावरून, मिशीवरून, जमिनीच्या वादावरून दोन शब्द टाकायचाच, आणि पाटलानं वरून दौलतजादा करायची. पाटील काही कमी अहंकारी नव्हता. पण त्याला तिथं बसून काही विकायचं नव्हतं.

पाहुण्याचा आणखी एक परिणाम मला जास्त सलतो. पाहुणा मुंबईचा, म्हणून गावही त्याला कळेल असंच लागायला लागलं. थुकरटवाडी कुठल्या जिल्ह्यात आहे? कुठल्याच नाही. भारत गणेशपुरे वऱ्हाडी ढंगात बोलले की तेवढ्यापुरतं गावाला पाय फुटत. बाकी सगळ्यांची बोली म्हणजे 'ळ'चा 'ल' आणि 'न'चा 'ण' करून शिजवलेली एक कुठलीशी गावठी. 'कुठं चाललाव बप्पा?' असं कुणी कुणाला विचारल्याचं मला त्या वाडीत आठवत नाही. नांदेडकडचं 'काय करलालास' तर लांबच. आमच्या बोलीवर टीव्हीला लेखक मिळत नाही असं नव्हे. जगतापांची पत्रं आमच्याच मातीतून आली होती. आमची बोली सोफ्यावरच्या माणसाला कळेल याची खात्री कुणाला नव्हती, म्हणून ती बाहेर राहिली.

आणि ती भीती किती पोकळ होती याचा दाखला आमच्या छत्रपती संभाजीनगरनं आधीच देऊन ठेवला होता. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकटे करायचे. तीन तास, ५२ पात्रं, एक उपरणं. लग्नाला निघालेलं मराठवाड्यातलं अख्खं गाव, बायकांसह, एका माणसाच्या गळ्यातून. त्यांनी बोलीत तडजोड केली नाही, समजावून सांगितलं नाही, मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकासाठी गाव धुऊन-पुसून ठेवलं नाही. पुण्यानं ते घेतलं, परदेशातल्या मराठी लोकांनी घेतलं, २००४ मध्ये गिनीज बुकानंही घेतलं. २००९ मध्ये देशपांडे गेले. पुढं माजलगावच्या संदीप पाठकांनी ते पुन्हा उभं केलं आणि लोक पुन्हा आले. देशपांड्यांच्या मंचावर सोफा नव्हता. त्यांना हसून दाखवायला कुणी नेमलेलं नव्हतं. लोकांना हसू आलं तर ते हसायचे.

यावर हमखास येणारं उत्तर असं की तो काळ वेगळा होता. आता कुणाचीही भावना कशानंही दुखावते, सकाळी विनोद केला की संध्याकाळी पुतळा जाळतात, वाहिनीला माफी मागावी लागते. अशा दिवसांत पुढाऱ्यावर, जातीवर, देवावर बोलायला कोण धजावेल? सिनेमावाल्यांची गोड चेष्टा हाच सुरक्षित मार्ग. हा युक्तिवाद मला सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण तो खोटा नाही. पण काळ कधी सोपा होता? एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला तेव्हा दौलताबादच्या किल्ल्यावर सुलतानी अंमल होता आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाचा जाच घरी. त्या संवादात हिंदू आणि तुर्क एकमेकांच्या देवाधर्मावर असे तुटून पडतात की आज तो कुणी टीव्हीवर करून दाखवावा! शेवटी दोघं गळ्यात गळा घालतात, पण त्याआधी दोघांचीही पुरती सालटी निघालेली असतात. निजामाच्या राज्यात गश्ती क्रमांक ५३ या परिपत्रकानं जाहीर सभांवर परवानगीचा फास आवळला. तेव्हा मराठवाड्यातली माणसं मेळ्यांतून आणि कीर्तनांतून बोलत राहिली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा तो काळ वाहिनीच्या माफीनाम्याहून नक्कीच जास्त धोक्याचा होता. शिवाय सगळाच विनोद पंतप्रधानांवर करायला कोण सांगतंय? तलाठी आहे, सोसायटीचा सचिव आहे, कोचिंग क्लासचा मालक आहे, बोअरवेलचा एजंट आहे. त्यांच्यावर विनोद केला तर कुठला पुतळा जळतो?

विद्यापीठाच्या युवक महोत्सवात प्रहसनाच्या फेऱ्या पाहायला मी जमेल तेव्हा जाऊन बसतो. दहा मिनिटं, जास्तीत जास्त सहा कलाकार, असा साधारण नियम. थुकरटवाडीच्या भरभराटीच्या दिवसांत मुलं तिची उचलेगिरी करायची, यात नवल काही नाही. त्या वयात सगळे तेच करतात. पण मला चमकवलं ते उसनवारीच्या निवडीनं. एका संघानं मंचाच्या उजव्या कोपऱ्यात लाल चादर टाकलेली खुर्ची ठेवली होती, तिच्यावर काळा चष्मा लावून एक पोरगा बसवला होता, आणि उरलेले पाच जण दहा मिनिटं त्याच्यासाठी नाचले. खुर्चीतल्या पोराचं काम एकच: हसायचं. सहातला एक माणूस त्यांनी हसण्यावर खर्च केला! प्रेक्षकांतली मुलं मात्र आधी त्या पोराकडं बघायची, मग हसायची.

त्याच फेरीत एका तालुक्याच्या कॉलेजानं पीकविम्यावर प्रहसन केलं. तेव्हा नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं असे. शेतकरी कळवायला निघतो. ॲप उघडत नाही, टोल-फ्रीवर गाणं वाजतंय, कृषी सहायक दौऱ्यावर, सेतूत सर्व्हर डाउन. बायको घड्याळ घेऊन शेजारी उभी आणि उरलेले तास मोजते. सोयाबीन तरंगतंय आणि नवरा फोन कानाला लावून त्या गाण्याच्या ठेक्यावर नकळत पाय हलवायला लागतो. साडी नेसलेला पोरगाच बायको झाला होता. दोन ठिकाणी संवाद चावटही होते. सभागृहातल्या एकालाही साडी खटकली नाही. कुणाला ती दिसलीच नसावी. परीक्षकांनी नंतर 'विषय गंभीर होता, मांडणी अजून नेटकी हवी' असा शेरा मारला आणि क्रमांक दुसऱ्या कुणाला दिला.

हे सांगायचं कारण, मालमसाला संपला हा मोबाइलवाल्यांचा आणखी एक लाडका युक्तिवाद. दहा वर्षांत सगळं करून झालं, आता नवीन काय दाखवणार? एक रुपयात पीकविमा आला आणि गेला, तेवढ्या काळात त्यावर किती प्रहसनं होऊ शकली असती? नीटच्या मार्कांसाठी लातूरला खोली करून राहिलेली आई, ऊसतोडीला जाताना मुकादमाशी उचलीचा हिशेब करणारा जोडप्यातला शहाणा, लग्नाला मुलगी मिळेना म्हणून एजंट गाठणारा तिशीतला वावरवाला. यातला एकही विषय हसण्यासारखा नाही, आणि म्हणूनच तिथं विनोद दबा धरून बसलेला आहे. तो बाहेर काढायला मुंबईचा पाहुणा लागत नाही; उलट तो समोर बसला तर मुकादमाचा विनोद त्याला समजावून सांगण्यातच पाच मिनिटं जातील.

नव्या पर्वात सूत्रसंचालनाला अभिजीत खांडकेकर आले, गौरव मोरेंसारखे नवे चेहरे आले. माणसं बदलल्यानं फरक पडेल असं मानणाऱ्यांनी साबळ्यांचंच उदाहरण पाहावं. ते कलर्स मराठीवर भाऊ कदमांना घेऊन गेले, आपल्याच गाजलेल्या 'हसताय ना' या पालुपदाचं नाव दिलं, आणि तो कार्यक्रम काही महिन्यांतच आटोपला. तीच माणसं, तीच गुणवत्ता, मांडणीही बरीचशी तीच.

वाहिनीवाले म्हणतील की सोफा काढला तर पैसा कुठून आणायचा. सोफ्यावरच्या पाहुण्याचा पैसा नेमका किती आणि जाहिरातदाराचा किती, ते वाहिनीनंच सांगावं. पण मधल्या वेळात दिसतात ते साबण, चहापत्ती, पाण्याचे पंप आणि सोन्याची दुकानं. ही मंडळी गेली दहा वर्षं तासाच्या मधेमधे येऊन आपला माल विकून जातायत, आणि त्यांतल्या कुणीही अजून मंचावर बसायला खुर्ची मागितल्याचं ऐकिवात नाही.